एकाच विमानांतील दोन आसनें

विमानांतून परदेशीं जाऊन येणें ही आतां कोणास नवलाची गोष्ट वाटत नाहीं. आपल्या शाळेंतील कित्येक विद्यार्थ्यांचे काका, मामा किंवा थोरले बंधु नोकरीनिमित्त परदेशीं असतील, आणि कित्येकांनीं स्वतःही तो प्रवास केला असेल. तेव्हां केवळ प्रवासवर्णन लिहून वाचकांचा वेळ घ्यावा, अशी माझी इच्छा नाहीं. परंतु २०१८ सालच्या जुलै महिन्यांत कारखान्याच्या कामासाठीं मीं जो जर्मनीचा प्रवास केला, त्यांत एका रात्रीं मला जें कळून आलें, तें शाळेंत असतांनाच पक्कें कळावयास हवें होतें, असें मला पुष्कळदां वाटतें. म्हणून तें येथें सांगतों.

आमच्या शहराचें नांव त्या वेळीं औरंगाबाद असें होतें. २०२३ सालापासून तें छत्रपती संभाजीनगर झालें आहे. या भागास दूरदेशींचा व्यापार नवा नाहीं. येथून जवळच गोदातीरीं वसलेल्या पैठणचा उल्लेख पहिल्या शतकांत ग्रीक भाषेंत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ नांवाच्या ग्रंथांत सांपडतो. भडोच बंदरापासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आहे, आणि तेथील मौल्यवान दगड गाड्यांत भरून, धड रस्ते नसलेल्या मुलखांतून बंदरावर येतात, असें त्यांत नमूद केलेलें आहे. आज चिकलठाणा, वाळूज व शेंद्रा येथील कारखान्यांतून वाहनांचे सुटे भाग तसेच समुद्रापार जातात. फरक इतकाच कीं, मालाबद्दल तक्रार आली तर उत्तर देणाऱ्यास आतां वीस दिवसांची सवड मिळत नाहीं. एका रात्रींत जाऊन त्याला ग्राहकासमोर उभें राहावें लागतें.

मी ज्या कारखान्यांत अभियंता होतों, तेथें चाळीस मिलिमीटर जाडीचे पोलादी दांडे घांसून गुळगुळीत केले जात. कारखान्याच्या बोलींत त्यांस शाफ्ट म्हणतात. त्यांच्या जाडींत सोळा सहस्रांश मिलिमीटरपेक्षां अधिक फरक चालत नसे. मे महिन्यांत रवाना केलेला माल जुलैंत जर्मनींतील ग्राहकाच्या हातीं पडला, आणि त्यांतले कित्येक शाफ्ट मापास कमी भरले. स्टुटगार्ट येथें येऊन कारण सांगा, असा निरोप आला. मालाची तपासणी माझ्या हाताखालीं होत असल्यामुळें जाण्याचें काम माझ्याकडे आलें.

आमच्या कारखान्यांत सर्वांनीं इकॉनॉमी वर्गानेंच प्रवास करावा, असा नियम होता. या खेपेस मात्र मालकांनीं माझ्यासाठीं बिझनेस क्लासचें तिकीट काढविलें. ते म्हणाले, “विमानांतून उतरून तुम्हांला सरळ बैठकीस जावयाचें आहे. रात्रीं चांगली झोंप घ्या, म्हणजे सकाळीं चार शब्द नीट बोलाल.” या तिकिटाचें भाडें साध्या तिकिटाच्या कित्येक पट असतें, हें मला ठाऊक होतें. मनांतल्या मनांत मी सुखावलों, हें कबूल केलें पाहिजे.

माझ्याबरोबर आमच्या टूलरूममधील एक वृद्ध कारागीर येणार होते. निवृत्त होण्यास त्यांस एकच वर्ष उरलें होतें. कारखान्यांत लहानथोर सर्व त्यांना मामा म्हणत. शाफ्टवरून नुसता अंगठा फिरवून त्याचा खरखरीतपणा सांगावा, असा त्यांचा हात होता. त्यांच्यासाठीं पासपोर्ट घाईनें करविला होता. विमानांत ते प्रथमच बसत होते. त्यांचें तिकीट अर्थातच नियमाप्रमाणें इकॉनॉमीचें होतें.

सायंकाळीं चिकलठाण्याहून निघालेलें विमान आम्हांस तासाभरांत मुंबईस घेऊन आलें. तेथपर्यंत आम्ही शेजारीं शेजारीं बसलों होतों. आंतरराष्ट्रीय विमानतळावर मात्र आमच्या वाटा वेगळ्या झाल्या. माझ्यासाठीं निराळी खिडकी होती आणि तिच्यापुढें रांग नव्हती. मामांच्या रांगेंत दीडदोनशें माणसें होतीं. माझ्या तिकिटावर एका विश्रांतिगृहांत जाण्याची मुभा होती. तेथें मऊ कोचें, ताजीं फळें आणि हवें तितकें खाद्यपेय मांडून ठेवलें होतें. मामांना मी म्हणालों, “मी जरा आंत जाऊन येतों.” ते म्हणाले, “जा ना साहेब. मी हा इथें सामानापाशीं बसतों.” मी गेलों, आणि अडीच तास बाहेर आलों नाहीं.

मध्यरात्र उलटून गेल्यावर विमान सुटलें. विद्यार्थ्यांना कुतूहल असेल म्हणून त्या आसनाचें थोडें वर्णन करतों. बसतांना ती एक रुंद खुर्चीच दिसते. परंतु एक कळ दाबली कीं पाठ मागें सरते, पायांखालचा भाग वर येतो आणि पुरुषभर लांबीचें सपाट अंथरूण तयार होतें. अंगावर घ्यावयास रजई मिळते. जेवण कापडी रुमाल अंथरून चिनी मातीच्या बशींतून येतें. विमानसेविका तुम्हांस नांवानें हांक मारते. विमान चढतें तें सुमारें पस्तीस हजार फूट उंचीवर. बाहेर हवेचें तापमान शून्याखालीं पन्नास अंशांच्या आसपास असतें, आणि तुम्ही मात्र आंत रजई पांघरून पडलेले असतां.

प्रारंभीं मला या सर्वांचें मोठें अप्रूप वाटलें. मनांत आलें, आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजीं कलकत्त्याहून आगबोटीनें निघाल्या, त्या ४ जून रोजीं न्यूयॉर्कला पोंचल्या. वय अवघें अठरा वर्षांचें, आणि वैद्यकी शिकण्याच्या ध्यासापायीं जवळजवळ दोन महिने समुद्रावर! जे. आर. डी. टाटा यांच्या एअर इंडिया इंटरनॅशनलचें ‘मलबार प्रिन्सेस’ हें विमान ८ जून १९४८ रोजीं मुंबईहून लंडनला निघालें, तेंही कैरो आणि जिनीव्हा येथें उतरत गेलें. आणि मी सुमारें साडेआठ तासांत, तेंही निजून, फ्रँकफुर्टला पोंचणार होतों! परंतु हा विचार जेथें सुखाचा व्हावयाचा, तेथेंच त्याला एक कांटा टोंचला. आनंदीबाई कशासाठीं निघाल्या होत्या, आणि मी कशासाठीं निघालों होतों?

माझ्या पिशवींत ग्राहकास द्यावयाचें निवेदन होतें. तें मींच लिहिलें होतें. त्यांत मापाच्या चुकीचें कारण म्हणून एक वाक्य होतें : ‘रात्रपाळीच्या तपासनिसाचें दुर्लक्ष झाल्यामुळें सदोष माल पुढें गेला.’ हा तपासनीस बावीस-तेवीस वर्षांचा, कंत्राटावर घेतलेला मुलगा होता. त्याचें कंत्राट पुढें चालूं ठेवावें कीं नाहीं, हें त्या निवेदनावर ठरणार होतें.

दिवे मंदावले. सभोंवतालचे प्रवासी गाढ झोंपीं गेले. मीही कळ दाबून आडवा झालों; परंतु झोंप म्हणून येईना. विमानांतील हवा फार कोरडी असते. घसा सारखा सुकत होता. उशाशीं ती पिशवी होती. मालकांनीं एवढे पैसे मोजून मला झोंप विकत घेऊन दिली होती, पण ती त्या तिकिटांत मिळण्यासारखी नव्हती. शेवटीं मी उठलों, आणि दोन पडदे ओलांडून विमानाच्या मागच्या भागांत गेलों.

तेथें शेंकडों माणसें बसल्या बसल्याच झोंपलीं होतीं. कोणाची मान खांद्यावर कलली होती. एक आई तान्ह्या मुलास मांडीवर घेऊन जागीच होती. मामा मधल्या रांगेंत, दोन धिप्पाड प्रवाशांच्या बरोबर मध्यें, ताठ बसले होते. बूट काढून ठेवलेले, पाय सुजलेले. फार वेळ पाय लोंबते ठेवून बसलें कीं रक्त पायांत सांचून राहतें, म्हणून अधूनमधून उठून चालावें, असें डॉक्टर सांगतात. परंतु शेजाऱ्यांची झोंप मोडूं नये म्हणून मामा एकदांही उठले नव्हते. समोरच्या लहानशा फळीवर एक वही होती आणि ते पेन्सिलीनें कांहींतरी मांडीत होते.

मला पाहतांच शेजाऱ्याची क्षमा मागून ते बाहेर आले, आणि आम्ही मागील स्वयंपाकाच्या जागेपाशीं उभे राहिलों. “साहेब, तुम्ही अजून जागेच? जेवलांत का नीट?” मी म्हणालों, “जेवण पुष्कळ होतें, पण कशालाच चव लागली नाहीं.” त्यांनीं हातांतल्या रुमालांतून दशमी आणि शेंगदाण्याची चटणी काढून माझ्या हातावर ठेवली. उंचावर माणसाच्या जिभेला खारट व गोड चव कमी लागते, म्हणून विमानांतलें जेवण सपक वाटतें, हें मीं पुढें वाचलें. त्या चटणींत मात्र तिखट-मीठ एवढें सढळ होतें कीं, त्या उंचीवरही तिची चव लागली.

नंतर त्यांनीं वही उघडली. “मी कारण शोधलें,” ते म्हणाले. “शाफ्ट गरम मोजले गेले.”

विद्यार्थ्यांनो, येथें तुमचें लक्ष हवें. शाळेच्या प्रयोगशाळेंत पितळेचा गोळा आणि कडें तुम्ही पाहिलें असेल. थंड गोळा कड्यांतून आरपार जातो. तापविला कीं अडतो. निवला कीं पुन्हां जातो. उष्णतेनें पदार्थ प्रसरण पावतात, हें वाक्य मीं सातवींत पाठ केलें होतें आणि परीक्षेंत त्याबद्दल पूर्ण गुण मिळविले होते. म्हणूनच १९३१ सालीं आंतरराष्ट्रीय वजनमाप समितीनें असें ठरविलें कीं, उद्योगधंद्यांत वस्तूचें माप वीस अंश सेल्सिअस तापमानास असेल तेंच खरें धरावें. पोलादाचा एक मीटर लांबीचा तुकडा एक अंश तापला कीं सुमारें साडेअकरा सहस्रांश मिलिमीटर वाढतो. आमचा शाफ्ट चाळीस मिलिमीटर जाडीचा. मे महिन्यांत आमच्याकडील ऊन चाळीस अंशांवर जातें. यंत्रावरून नुकताच निघालेला शाफ्ट त्याहूनही ऊन असतो. आणि मापाचें गेज तेवढें वातानुकूलित खोलींतून आणलेलें. दोहोंत वीस अंशांचा फरक धरला, तर शाफ्ट नऊ सहस्रांश मिलिमीटर जाड दिसतो. माणसाच्या केसाचा हा सुमारें आठवा भाग. परंतु सोळांतले नऊ गेल्यावर उरलें काय? गरम असतांना जो मापांत बसला, तो निवल्यावर कमी भरला.

मामांनीं हें सर्व पेन्सिलीनें मांडलें होतें. हिशेब अचूक होता. मीं विचारलें, “मामा, गरम मोजण्याचा हुकूम कोणाचा, तें लिहिलें आहे का?”

ते क्षणभर थांबले. “हुकूम कोणाचा, तें मीं वहींत लिहिलें नाहीं, साहेब. तें लिहिणें माझें काम नव्हे.”

तो हुकूम माझा होता. शाफ्ट मापाच्या खोलींत ठेवून, पुरते निवूं देऊन मग मोजावे, असा आमचा लेखी नियम होता. परंतु महिनाअखेर जवळ आली होती; माल न्हावाशेवा बंदरावर ठरल्या दिवशीं पोंचवावयाचा होता; आणि मीं रात्रपाळीच्या त्या मुलाला तोंडीं सांगितलें होतें, “निवण्याची वाट पाहत बसूं नको; मोज आणि भर.” त्यानें ऐकलें. मामा त्या वेळीं तेथून जात होते, हें मला आठवत होतें. त्यांनाही आठवत होतें.

मला कांहीं सुचेना. मी म्हणालों, “मामा, तुम्ही पुढें चला. माझ्या जागेवर निजा. मी येथें बसतों. विमानसेविकेला मी विचारतों.”

ते हंसले. “नको साहेब. तिकिटावर नांव तुमचें आहे, आणि उद्यां बोलावयाचेंही तुम्हांलाच आहे. तुम्ही झोंप घ्या.”

या शब्दांत रोष नव्हता, टोमणाही नव्हता. परंतु मालकांचेंच वाक्य त्यांच्या तोंडून ऐकतांना त्याचा अर्थ निराळाच झाला. मला हें आसन माझ्या हुद्द्यासाठीं मिळालें नव्हतें. उद्यां जें बोलावयाचें, तें नीट बोलण्यासाठीं मिळालें होतें. आणि नीट बोलणें म्हणजे सफाईनें बोलणें नव्हे. आजवर मीं जीं जीं सुखें हुद्द्याचा हक्क म्हणून घेतलीं, त्यांचीही गोष्ट हीच असावी, असें त्या क्षणीं मला वाटलें.

मी परत आलों. वाचावयाचा दिवा लावला, निवेदनांतील तें वाक्य खोडलें, आणि त्या जागीं लिहिलें : ‘शाफ्ट निवण्यापूर्वीं मोजण्याची सूचना तपासणी विभागाच्या प्रमुखानें, म्हणजे मीं, दिली होती.’ लिहितांना हात कांपला. नोकरी जाईल, ही भीति खरीच होती. घरीं आईवडील होते, कर्ज होतें. वाक्य पुरें करून दिवा मालवला आणि मला झोंप लागली. फ्रँकफुर्टला सकाळ उजाडली, तेव्हां विमानसेविकेनें हांक मारून जागें केलें. आपल्यापेक्षां साडेतीन तासांनीं मागें असलेलें तें घड्याळ मला नव्या दिवसाचें वाटलें.

विमानतळाच्या स्थानकावरूनच आगगाडी मिळाली, आणि मामा व मी पुन्हां शेजारीं शेजारीं बसून स्टुटगार्टला गेलों. बैठकींत मीं निवेदन वाचलें. चूक आमची आहे, आणि आमच्यापैकीं माझी आहे, हें सांगून झाल्यावर कांहीं वेळ कोणी बोललें नाहीं. मग तेथील प्रमुख अधिकाऱ्यानें एकच प्रश्न केला : “यापुढें शाफ्ट निवल्यावरच मोजला गेला, हें आम्हांस कसें कळेल?” त्याचें उत्तर माझ्यापाशीं तयार नव्हतें. मामांनीं मराठींत सांगितलें आणि मीं त्याचें भाषांतर केलें : प्रत्येक पेटीबरोबर एक कार्ड जाईल, मोजतांना शाफ्टचें तापमान किती आणि गेजचें किती, हे दोन्ही आंकडे मोजणाऱ्यानें त्यावर लिहून सही करावी, आणि कोणीही, कितीही मोठ्या साहेबानें सांगितलें, तरी दोन आंकडे जुळल्यावांचून मोजूं नये. शेवटलें वाक्य भाषांतरित करतांना मी थोडा अडखळलों, पण केलें.

सर्व माल आमच्या खर्चानें पुन्हां मोजला गेला. कमी भरलेला टाकून दिला. कारखान्यास नुकसान सोसावें लागलें. माझी नोकरी राहिली. त्या वर्षींची पगारवाढ मात्र रोखली गेली, आणि तें योग्यच झालें. त्या मुलाचें कंत्राट पुढें चालू राहिलें. आपल्या नांवाचें एक वाक्य विमानांत खोडलें गेलें होतें, हें त्याला ठाऊक नाहीं.

परतण्यापूर्वीं मीं मालकांना दूरध्वनि करून विनंति केली कीं, परतीच्या तिकिटांत आमची अदलाबदल करावी. कारखान्यास अधिक पडेल तें माझ्या पगारांतून कापावें. त्यांनीं थोडा विचार करून होकार दिला, आणि पैसे कापले नाहींत. मामांनीं पुष्कळ आढेवेढे घेतले. शेवटीं, आतां तिकिटावर नांव तुमचें आहे, असें मीं म्हटल्यावर त्यांना बोलतां येईना. मी मागच्या भागांत, मधल्या आसनावर, गुडघे पुढच्या पाठीस टेंकवून मुंबईपर्यंत आलों. पाठ अवघडली, पाय भरून आले. परंतु झोंप लागली. मुंबईस उतरल्यावर मीं विचारलें, “कसें वाटलें, मामा?” ते म्हणाले, “आडवें व्हायला फार चांगलें आहे साहेब. पण शेजारीं बोलायला कोणी नाहीं.”

बालमित्रांनो, तुमच्यांतील कित्येकजण पुढें मोठमोठ्या कामांनिमित्त दूरदेशीं जातील, आणि जगांतील उत्तम आसनें तुम्हांस मिळतील. तीं अवश्य घ्या. सुखाचा तिटकारा करण्यांत पुण्य नाहीं. तुमच्या पालकांनीं कष्ट केले, ते तुम्ही अवघडून बसावें म्हणून नव्हेत. फक्त एकदां उठून पडद्यापलीकडे जाऊन यावें. आपण ज्यांच्या कामाच्या आधारानें पुढें बसलों, तीं माणसें तेथें बहुधा जागीं असतात.

मामा २०१९ सालीं निवृत्त झाले. त्यांचें कार्ड अजून चालू आहे. मे महिन्यांत मी कधीं घाईनें तपासणीच्या टेबलापाशीं गेलों, तर तेथील मुलगा कांहीं न बोलतां तें कार्ड माझ्यापुढें सरकवितो. त्यावर दोन आंकडे असतात. ते जुळेपर्यंत मी उभा राहतों.